जुनं पोट

फाइलीत लिवलं होतं का मले जळजळ होत नाही. रंजितानं ते वाचून दाखवलं, दवाखान्याच्या बाकावर बसून, ओळीवर बोट ठेवून ठेवून, जसं ती तिच्या लॅबमधी लोकायचं रक्त वाचते तसं. वय बासष्ट, वजन एकशे अठरा, शुगर अकरा वर्षांपासून, तंबाखू सोडली, छातीत जळजळ नाही, आंबट पानी वर येत नाही. अन् नेमकं त्याच वक्ती माह्या छातीत, मधातल्या हाडाच्या मागं, कोनीतरी मिरचीचा हात फिरवून गेलं. मी गिळलं. जन्मभर म्या एवढ्या गोष्टी सांगतल्या, वाघाच्या, भुताच्या, नदी उलटी वाहल्याच्या, पन कोनी एक लिवून घेतली नाही. सांगतली का हवेत गेली, लोक हासले, उठून आपापल्या घरी गेले. ही पह्यलीच गोष्ट कागदावर बसली होती. अन् तिच्यावर शिक्का होता.

"बरोबर हाय नं सगळं?" रंजितानं विचारलं. रंजिता म्हंजे माह्या पोराची, प्रेमची पोरगी. अठ्ठावीसची झाली. खोटं तिले सोसत नाही. लहानपनी मी सांगो का आपल्या तांड्यावर एक कोंबडं होतं, ते घोड्यावर बसून बाजारले जाये, त हे पोट्टी विचारे, "घोड्याचं नाव काय?" नाव सांगतलं का विचारे, "कालच्याले तू दुसरं सांगतलं होतं." मी म्हनलं, "बरोबर हाय." थांबली अन् म्हनलं, "सगळं म्हंजे, बहुतेक." तिनं ऐकलं नाही. तिच्या मोबाइलवर तिचा बाप होता, अन् बाप इचारून राह्यला होता का नंबर किती, डॉक्टर आले काय, याडी, म्हंजे मी, त्याची माय, गप बसली काय. मले सोडून सगळ्यायले माह्या पोटाची घाई होती.

आज दुसरा शनिवार. नागपूरचे मोठे डॉक्टर दुसऱ्या शनिवारी यवतमाळले येतात, दुपारपर्यंत बसतात, अन् ज्याले त्याले सांगून जातात का तुमचं कोनतं ऑपरेशन. माहं आज पक्कं होनार होतं. गुरुवारी नागपूरले पोट कापाचं. दोन तऱ्हा होत्या, अन् घरात महिनाभर त्याचीच पंचायत चालली होती. प्रेम म्हने पह्यली करा, सोपी हाय, त्याच्या हापिसातल्या साहेबानं केली, आता जिने चढते हरनासारखा. सून म्हने दुसरी करा, शुगरले दुसरी चांगली. शेजारीन म्हने दोन्ही नका करू, सकाळी कोमट पानी प्या. मी ज्वारीच्या पोत्यासारखी मधात, अन् चारी बाजूनं लोक पोत्यावर थापा मारून सांगून राह्यले का आत किती हाय. "मले कोनी इचाराल काय?" म्या एक दिवस म्हनलं. प्रेम म्हने, "याडी, तुले इचारलं त तू म्हनशीन माह्या पोटात हत्ती हाय." हे मातर खरं. मी तेच म्हननार होती.

मागच्या महिन्यात पह्यले त्या डायटवाल्या पोरीनं इचारलं, दीपमाला नावाची, बारीक, वेणी एवढीशी, पेन हातात. दिवसातून किती भाकरी? म्या म्हनलं, बाई, माह्या बहिनीच्या, लालीच्या लग्नात म्या एक्केचाळीस भाकरी अन् गंजभर लापसी खाल्ली होती, अन् वाढनाऱ्याच्या हातातला सराटाही गिळला असता, पन तो पितळेचा होता, सोयऱ्यायचा होता, म्हनून वापस देल्ला. पोरगी हासली नाही. तिनं लिवलं, "गोड आवडते." तवाच मले समजाले पाह्यजे होतं का इथं गोष्ट सांगाची नाही. पन तोंडाले सवय. कोनी काही इचारलं का तोंड आधी निंगते, मी मागून चालतो.

मंग डॉक्टर. त्यायच्या टेबलावर रबराचं पोट होतं, गुलाबी, जसं फुग्यातली हवा अर्धी गेली. डॉक्टर चांगला मानूस, सावकाश बोलते. पह्यल्या तऱ्हेत पोट उभं कापतात, अन् मोठा भाग काढून टाकतात. उरते ते केळ्याएवढं. "भूक लावणारा रस जास्त त्या काढलेल्या भागातच तयार होतो, आजी," डॉक्टर म्हनले, "म्हणून भूकही कमी लागते." बरं. अन् दुसरी? दुसऱ्या तऱ्हेत वरचा लिंबाएवढा तुकडा वेगळा करतात, त्यालेच आतडं जोडतात. खाल्लेलं तिकडूनच जाते. "अन् बाकीचं पोट?" म्या इचारलं. "ते आतच राहतं." "मंग त्यात जेवन कवा जाते?" "जात नाही." "कवाच नाही?" "कधीच नाही," डॉक्टर म्हनले, अन् रबराच्या पोटाचा तो मोठा, बंद भाग बोटानं दाबला. तो दबला अन् हळूहळू वर आला. मले त्याच्याकडं पाहावलं नाही. तेवढ्यात त्यायनं इचारलं, "छातीत जळजळ होते का? आंबट पाणी वर येतं का? नीट सांगा, कारण जळजळ असेल तर पहिलं ऑपरेशन मी तुम्हाला करणार नाही. नंतर ती वाढू शकते. मग दुसरंच करावं लागेल." म्हंजे जळजळ होते म्हनलं असतं, त ते पोट आतच राह्यलं असतं, बंद, जलमभर. म्या म्हनलं, "जळजळ? माह्या पोटात त एकदा जिता इंगळ गेलता डॉक्टर. होळीले. गानं म्हनता म्हनता तोंड उघडं राह्यलं, अन् ठिनगी नाही, अख्खा इंगळ आत. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी कोळसा पडला, त्याच कोळशानं म्या दात घासले." डॉक्टर भल्ले हासले. नर्स हासली. दुर्बीन टाकून पाह्यली तवाही आत फारसं काही दिसलं नव्हतं. अन् डॉक्टरनं लिवलं, नाही.

दुष्काळाच्या साली मी नऊ वर्षांची होती. नेरच्या बाजूले आमचा तांडा, अन् सगळा तांडा रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडाले. आमचे जुने लोक बैलायवर धान्य लादून मुलूखभर फिरत, असं म्हनत. त्या साली आमच्याजवळ ना बैल होते ना धान्य, पन लादाची सवय पाठीत होती, म्हनून टोपले पटापट उचलत. कामावर सरकारी सुकडी भेटे, भाजलेल्या पिठाची. माही याडी, सुखीबाई, आपली सुकडी पदरात बांधून आने अन् मले अन् लालीले वाटून दे. "तू?" म्हनलं का म्हने, "मी त खाऊन आली. आज मुकादमाच्या पोरीचं लग्न होतं नं. लापसीचा एवढा ढीग का त्याच्यावर बकऱ्या चढल्या. तूप एवढं का वऱ्हाडी पोहून पैलतीरी गेले." दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न. तिसऱ्या दिवशी तहसीलदाराचं बारसं. आमी तोंड उघडं टाकून ऐको. मले तिचा राग ये, का हे आमाले सोडून एवढ्या पंगती खाते. एका दुपारी पळसाखाली ती माह्या डोक्शातल्या उवा पाहून राह्यली होती, माहा कान तिच्या पोटावर. आत कोनीतरी बोलून राह्यलं होतं. हळू, थांबून थांबून, जसं दार लावलेल्या घरात म्हातारं मानूस आपल्याशीच बोलते. म्या डोकं उचललं, तिच्या तोंडाकडं पाह्यलं. ती सांगून राह्यली होती का आज भात एवढा होता, का वाढनारे शिडीवर चढले. तोंड एक सांगे, पोट दुसरं. म्या परत कान ठेवला अन् काही बोलली नाही. हे म्या कोनालेच सांगतलं नाही. लालीलेही नाही. ही माह्याजवळची एकच गोष्ट, का जिच्यात म्या काही वाढवलं नाही.

"दादी, पानी पे," रंजितानं बाटली पुढं केली. घोट घेतला का बरं वाटते, मंग दुप्पट जळते. बाकावर माह्या बाजूनं एक बाई येऊन टेकली, चाळिशीची, सुकलेली, गालाची कातडी लोंबलेली, पन डोळे सुजलेले. वणीची होती, नवरा कोळशाच्या खानीत. नाव नलू. "तुमचं कोनतं?" तिनं इचारलं, जसं लग्नघरी इचारतात का तुमी पोराकडचे का पोरीकडचे. "पह्यली तऱ्हा," म्या म्हनलं. तिनं माह्याकडं वळून पाह्यलं. मंग म्हने, "माही पह्यलीच झाली, दोन वर्षं झाले. चाळीस किलो उतरली, मी नाही म्हनत नाही. पन आडवी झाली का आंबट पानी नाकातून येते. खुर्चीत झोपतो मावशी, दोन वर्षांपासून खुर्चीत. आता दुसरी करून द्या म्हनाले आली." मी म्हनलं, "आधी जळजळ होती काय वं तुले?" "होती थोडीशी." "मंग सांगतलं नाही डॉक्टरले?" नलू आपल्या नखायकडं पाहून म्हने, "थोडंसं कोन सांगते? एवढा मोठा डॉक्टर नागपूरहून आला, त्याले थोडंसं काय सांगाचं." मले हासू आलं, अन् हासू आलं का आंबट वर आलं, अन् म्या ते पदराआड गिळलं. चार वर्षांपासून मी हेच करून राह्यली. ओवा, सोडा, गुळाचा खडा. डोक्याखाली तीन उश्या. सुनेनं इचारलं का तीन काहून, त सांगतलं होतं का मले सपनात उंटावर बसा लागते.

मी हे काहून करून राह्यली, हे पोट कापनं, ते कोनाले हौस म्हनून नाही. गुडघे गेले. गुडघेवाला डॉक्टर म्हने, पंचवीस किलो उतरवा, मंगच हात लावतो. अन् गुडघे मले पाह्यजे ते काही डोंगर चढाले नाही. आमच्यात दोन बहिनी बऱ्याच दिसानं भेटल्या का उभ्याउभ्या राम राम करून चालत नाही. जमिनीवर बसा लागते, एकमेकीच्या गळ्यात हात टाका लागते, खांद्यावर डोकं ठेवून गान्यासारखं रडा लागते, का याडी गेली, बाप गेला, तू दूर मी दूर, सगळं त्या सुरात सांगा लागते. ते झालं का मंग भेट झाली. लाली तांड्यावरच राहते, तिचाही नवरा गेला. दोन वर्षांपासून मी जातो, अन् मी खुर्चीवर, ती खाली. ती माह्या गुडघ्याले मिठी मारते. गुडघ्याले! मी तिच्या डोक्यावरून हात फिरवतो, देवीसारखी. रडू येत नाही. मंग मी तिले गोष्ट सांगतो, ती हासते, अन् मी बसमधी बसून वापस येतो, अन् भेट झालेली नसते.

खुर्चीतून सुटाले पोट कापाचं, अन् नलूसारखं परत खुर्चीतच बसाचं काय? म्हनून म्या ठरवलं, सांगाचं. "रंजू," म्या म्हनलं, "मले जळजळ होते."

"हो. अन् मंग कोळसा पडते."

"खरं सांगून राह्यली."

"दादी, परवा तू काय सांगून राह्यली होती? का तुह्या आज्यानं शकुंतला गाडी एकट्यानं ढकलत दारव्ह्यापर्यंत नेली, म्हने इंजिनाले ताप होता."

"ते वेगळं."

"काय वेगळं? तोंड तेच हाय." तिनं फाइल मिटली. "बरं सांग. कवापासून?"

अन् पाहा आता. म्या तोंड उघडलं चार वर्षं म्हनाले. चार. एवढंसं अक्षर. पन तोंडातून निंगालं, "तुहा बाप पैदा नव्हता झाला तवापासून." मी आयकलं मी काय बोलली ते. जीभ चावाव वाटली. रंजितानं डोळे मिटले, जसे मास्तरनी मिटते, अन् बापाले फोन लावला. फोनमधून प्रेमचा आवाज सगळ्या बाकायवर पसरला, "याडी, भेव लागते त भेव लागते म्हन. बहाने कायले? सुट्टी काढली म्या गुरुवारची." म्या म्हनलं, मले भेव नाही लागत. हेही खोटं होतं, पन हे मातर त्यानं लगेच खरं मानलं. "मंग झालं त," म्हने, अन् फोन ठेवला.

राग आला. कोनाचा, ते समजेना. प्रेमचा, रंजिताचा, त्या बारीक वेणीच्या पोरीचा, का जिनं एक्केचाळीस भाकरी सोडून "गोड आवडते" तेवढंच लिवलं. मले वाटलं, एवढे वर्षं ह्या लोकायले म्या हासवलं, पोरायचे ताप गोष्टीनं उतरवले, माह्या मालकाच्या तेरवीच्या पंगतीतही गोष्ट सांगतली का लोकायच्या घशाखाली घास उतराव, अन् आता मी एक साधं वाक्य घेऊन उभी हाय, दान्याएवढं, अन् कोनी हात पुढं करत नाही. "लॅबमधी लोक येतात," रंजिता म्हनत होती, माह्याकडं न पाहता, "म्हनतात उपाशी हाय, अन् चाय पिऊन येतात. पन रक्तात दिसते दादी. तिथं मले इचारा लागत नाही. तुह्यं कायमधी दिसल, सांग? मी कायवर भरोसा ठेवू?" तिचा आवाज जरा फाटला. तवा मले दिसलं का हे पोट्टीही थकली. लहानपनापासून घोड्याचं नाव इचारून इचारून थकली.

आमचा नंबर पुकारला. डॉक्टर मले पाहूनच हासले. त्यायनं पेन खाली ठेवलं, खुर्चीत मागं टेकले, जसे लोक गोष्ट ऐकाले टेकतात. "या आजी. आज काय गिळलं?"

"काही नाही गिळलं. मले जळजळ होते."

ते हासतच होते. मंग थोडं कमी हासले. फाइल पाह्यली. "मागच्या वेळी तर तुम्ही नाही म्हणालात."

"सर, ती घाबरली आहे," रंजिता म्हने. डॉक्टरसमोर तिची भाषा बदलते. "बाहेर एका पेशंटशी बोलणं झालं, तेव्हापासून हे सुरू आहे."

"शंका असेल तर नागपूरला तपासणी करता येते," डॉक्टर म्हनले, "नाकातून बारीक नळी, चोवीस तास. पण मग गुरुवारची तारीख जाईल."

"तिला तेच हवं आहे, सर."

दोघंही चांगले होते. दोघंही माह्या भल्याचंच बोलून राह्यले होते, माह्या डोक्यावरून, अन् टेबलावर ते रबराचं पोट होतं. तोंड उघडलं का पुन्हा काही भलतंच निंगल, हे मले ठाव होतं. तोंडाचा भरोसा मलेच नव्हता, त ह्या लोकायले कुठून राहील. मी टेबलाचा काठ धरून उठली. रंजिता म्हने, "कुठं चालली?" म्या चप्पल काढली, एक, अन् ती उचलाले वाकली. चार वर्षांत मी अशी वाकली नव्हती. माह्यासाठी सून वाकते, रंजिता वाकते. गुडघे कडकडले, पोट छातीवर चढलं, डोकं खाली गेलं, चपलीचा अंगठा डोळ्यासमोर आला, अन् मी तशीच राह्यली. एक. दोन. रंजितानं दंड धरला, "दादी, हे काय नाटक?" तीन म्हनाच्या आधी ते आलं. सकाळचा चहा, पोहे, आंबट, कडू, नाकातून, तोंडातून, डॉक्टरच्या पांढऱ्या फरशीवर, रंजिताच्या सँडलवर. डोळ्यायले धार लागली. घसा असा जळला का मले ओरडताही येईना.

रंजितानं मले खुर्चीत बसवलं. डॉक्टर टेबलाच्या मागून निंगून पुढं आले, स्टूल ओढून माह्यासमोर बसले. आता ते टेकले नव्हते.

"किती वर्षं?"

म्या दात आवळले. जीभ आत फडफडून राह्यली होती, जसं हातात धरलेलं कोंबडं. थांबली. मंग म्हनलं, "चार."

"रोज?"

"रोज."

"मग सांगितलं का नाही, आजी?"

म्या रबराच्या पोटाकडं बोट दाखवलं. "ते आतच राहील म्हने. दार लावून. त्याच्यापर्यंत काही जानार नाही. मी वर जेवत बसीन, लिंबाएवढं का होईना, अन् ते खाली ऐकत राहील." "त्याले भूक लागल काय?"

मले वाटलं हासतील. रंजिताकडं पाह्यलं, ती हासत नव्हती. तिच्या हातात ओला कागद होता, तो तिनं तसाच धरला होता. "ते मरत नाही," डॉक्टर म्हनले, "त्याला रस सुटत राहतो, तो पुढे जाऊन अन्नाला मिळतो. त्याचं काम चालू राहतं. भूक लागते की नाही..." त्यायनं रबराचं पोट बाजूले सरकवलं. "मला माहीत नाही, आजी. आजपर्यंत मला हे कोणी विचारलं नाही."

एवढा मोठा डॉक्टर, अन् माहीत नाही म्हनला. काही सजवलं नाही. म्या मान हालवली. राग गेला नव्हता. राग तिथंच होता, घशात, पोह्याच्या तुकड्यासंगं. पन त्याच्यावर एक पानी पडलं.

"मग दुसरंच करू," डॉक्टर म्हनले. "तपासणी आधी. तारीख आठवडाभर पुढे जाईल. मुलाला मी सांगतो." त्यायनं फाइलीत एक ओळ खोडली, वर काहीतरी लिवलं, अन् सहीसाठी माह्यापुढं सरकवली. म्या रंजिताले म्हनलं, वाच. ती फरशी पुसाले बसली होती, तिथूनच मान उचलून तिनं वाचलं, "जळजळ आहे. चार वर्षं. आंबट पाणी वर येतं."

संपलं. एवढंच. आमच्या तांड्यावर कोनी गोष्ट सांगाले बसलं का ऐकनाऱ्यातला एक जन मधामधात हुंकारा देत राह्यते, "हं, मंग?" त्याच्याबिगर गोष्ट पुढं सरकत नाही. इथं कोनी काही म्हनलं नाही. डॉक्टर पेन पुढं धरून बसले होते. रंजिता पुसत होती, सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून, खाली मान घालून. म्या वाट पाह्यली. मंग मीच म्हनलं, हळू, "हं, मंग?" अन् डॉक्टरनं जिथं बोट ठेवलं होतं तिथं सही केली.